बुध्याचं पथ्य

जव्हारच्या बाजारपेठेत विठ्ठलशेठचं भांड्यांचं दुकान आहे. तिथे घटकाभर बसलं की गावात कोणाचं लग्न ठरलं आणि कोणाच्या घरात चूल वेगळी झाली, दोन्ही कळतं. पातेली दोन्हीकडे लागतात. बाकीचे विषय संपले की गिऱ्हाईक हमखास नेत्रावर घसरायचं.

"शेठ, मुलगी काय करते हल्ली?"

"शिकते."

"अजून? पीएचडीचे पेढे खाऊन आमचे दात पडले की हो!"

"ती झाली. आता त्याच्या पुढचं. पोस्टडॉक म्हणतात. दोन वर्षं."

"एवढ्यात आमची म्हैस दोनदा व्याली असती. मग आता इंजेक्शन देणार का?"

"नाही हो, ती त्यातली डॉक्टर नाही. लहान मुलांच्या मनाची. म्हणजे जी मुलं बोलत नाहीत, आपल्यातच असतात..." इथवर येऊन विठ्ठलशेठ उगाच एखाद्या परातीवरची धूळ पुसायला लागायचे. कारण मागच्या अंगाला, डब्यांच्या चळतीआड, हर्षल बसलेला असायचा.

हर्षल हा नेत्राचा धाकटा भाऊ. मिसरूड फुटून जुनं झालं तरी त्याचं काम एकच, झाकणं लावायची. मोठ्यापासून लहानापर्यंत, भिंतीला टेकवून, ओळीने. ओळीतलं एखादं कुणी उचललं की तो असा ओरडायचा की समोरच्या मेडिकलवाल्याच्या हातातली गोळी पडावी. गावाला सगळं माहीत होतं. गाव म्हणायचं, 'शेठचा मुलगा जरा शांत आहे.'

त्या शांतपणाला ऑटिझम म्हणतात हे नेत्राला कॉलेजात, एका पुस्तकात कळलं. ती वसतिगृहातून धावत फोनवर गेली. "बाबा, आपल्या हर्षलला काय आहे ते सापडलं. नाव आहे त्याला!"

पलीकडून विठ्ठलशेठ म्हणाले, "बरं. नाव कळलं. आता?"

तो 'आता?' नेत्राने एमए, पीएचडी असा ओढत पोस्टडॉकपर्यंत आणला होता.

त्या घराने हर्षलच्या बाबतीत एकच लढाई जिंकली होती. त्याच्या लहानपणी आईने, कुणी शिकवलेलं नसताना, बिस्कीट मुठीत धरून हट्ट धरला होता. "दे म्हण. म्हण, दे." पोरगं लोळायचं, डोकं आपटायचं, आई मूठ उघडायची नाही. आणि एका दुपारी हर्षल म्हणाला, "दे." आईने अख्खा पुडा त्याच्या मांडीत ओतला, रडली, हसली, शेजारणीला हाका मारल्या. "मागायला शिकला की माणूस माणसात येतो," ती तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. हर्षल दुसरा शब्द कधी शिकला नाही. पण 'दे' होता. नेत्राने हे सगळं दाराआडून पाहिलं होतं. पुढे मुंबईच्या संस्थेत तिला तीच युक्ती मोठमोठ्या नावांनी शिकवली, तेव्हा ती मनात म्हणाली, हे तर आमच्या आईचं.

प्रशिक्षणात नेत्राच्या वाट्याला जव्हार आणि मोखाडा आले. दर गुरुवारी संगणकासमोर बसून मुंबईतल्या डॉ. गौतम सरांना एकेका मुलाबद्दल सांगायचं. सरांचं म्हणणं सरळ होतं. तज्ज्ञ मुलापाशी आठवड्यातून एकदा असतो, घरचं माणूस दिवसभर असतं. म्हणून मुलाला नव्हे, घरच्या माणसाला शिकवा. घरचं माणूस घरी असतं, एवढं ते धरून चालले होते.

मोखाड्याच्या डोंगरातल्या सूर्यमाळच्या अंगणवाडीत बुध्या तिला भेटला, तेव्हा भात पिवळा पडायला लागला होता. पाच वर्षांचा पोरगा खांबाभोवती एकाच बाजूने फिरत होता.

"बुधवारचा झाला म्हणून बुध्या," त्याची आई लाडकी म्हणाली. "हाक मारली तं वळत नाय. पन आभाळातनं इमान गेला का वळतो. म्हंजे कान हाय त्याला."

"खातो काय?"

"नागलीची भाकर. तीबी कडा-कडाची. भात नाय, अंडा नाय."

"माझी खिचडी तर त्याने माझ्याच पदराला पुसली, मॅडम," अंगणवाडीच्या वर्षाताई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. लाडकीसुद्धा.

हसता हसता लाडकीने पोराची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा चट्टा. "दिवाळी झाली का आम्ही भिवंडीकडं जातो, वीटभट्टीवर. शिमग्याला सनापुरता येतो, मंग पावसापोतर परत तिथंच. यालाबी नेते. खाटेला बांधून ठेवते, सोडला तं भट्टीकडंच पळतो. मागल्या साली दोरीच तोडली."

नेत्राने बाही हळूच खाली केली. "याला नेऊ नका," ती म्हणाली. "इथे ठेवा. मी दर आठवड्याला येते."

"ठेवा कोनापाशी?" लाडकीचा नवरा पांड्या दारात उकिडवा बसला होता. "डोंगरापाशी?"

"मी हाय ना रं, मेल्या," आतून आवाज आला. पांड्याची थोरली बहीण वेणू. पाय अधू, म्हणून भट्टीवर जात नव्हती. "डोंगर बोलतो मला!"

लाडकीने लगेच हो म्हटलं नाही. पुढच्या खेपेला नेत्रा आली तेव्हा तिने तिला आंब्याखाली बाजूला घेतलं.

"मॅडमबाय, शिमग्याला आली का मला आय म्हनंल?"

वचन द्यायचं नसतं, हे नेत्राला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. "आई म्हणेल का ते सांगता येत नाही," ती म्हणाली. आणि लाडकीचा चेहरा बघवेना म्हणून पुढे बोलली, "पण बघेल. तुमच्या डोळ्यांत बघून मागेल."

"बघंल? माज्या डोळ्यांत?"

"बघेल."

लाडकीने नाक पुसलं. "पाच सालं झाली. येकदाबी नाय बघला. अंगावर पीत होता तवाबी भिंतीकडं बघं." मग म्हणाली, "ठेवते."

नेत्राने वेणूला शिकवायला घेतलं. साबणाचे फुगे उडवले, बुध्या उठून गेला. चेंडू दिला, त्याने चाटून खाली ठेवला. खुळखुळा वाजवला, त्याने कान झाकले.

"त्याला मनापासून हवी अशी एक वस्तू पाहिजे, वेणूबाई. ज्यासाठी तो धडपडेल."

"भाकर बोल्ली ना लाडकी."

"ठीक आहे, भाकर. तुकडा असा धरायचा, आपल्या डोळ्यांजवळ. बोलायचं नाही, रागवायचं नाही. भाकरीकडे बघता बघता तो क्षणभर तुमच्या डोळ्यांत बघेल. बघितलं की लगेच म्हणायचं, 'शाब्बास, घे!' आणि द्यायचा."

"आन नायच बघला तं?"

"थांबायचं. आपण आधी हरायचं नाही. एकदा जरी तसंच दिलं ना, तर केलेलं सगळं पाण्यात. आणि घरादाराने एकच नियम पाळायचा. अंगणवाडीतसुद्धा."

वेणूने हळूच मान हलवली. "म्हंजे पथ्य."

"हो! पथ्यच समजा," नेत्रा खुशीत म्हणाली. आपलं म्हणणं इतक्या थोडक्यात कुणाला कळलेलं तिने पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर टेम्पो आला. लाडकीने बुध्याचा निरोप घेतला नाही, त्याला तो कळला नसता. जाताना तिने खाटेची दोरी गुंडाळून खुंटीला अडकवली आणि वेणूला म्हणाली, "लागनार नाय आता."

थंडी पडेपर्यंत नेत्रा दर आठवड्याला खालच्या खोडाळ्याहून जीपने वर चढायची. बुध्या अधूनमधून बघायला लागला होता. वीज चमकावी तेवढंच, पण बघायचा. वेणू तेव्हा इतक्या जोरात 'शाब्बास, घे!' ओरडायची की कोंबड्या उडायच्या. मग जानेवारी लागला आणि प्रशिक्षणाचा पुढचा भाग आला, मुंबईच्या केंद्रात राहून चाचण्या शिकायच्या. नेत्रा गेली. वर्षाताईंनी एकदा वेणूच्या घरी जाऊन फोनवर व्हिडिओ काढला आणि रेंज मिळाल्यावर खोडाळ्यातून पाठवला.

गुरुवारच्या बैठकीत सरांनी तो दोनदा लावायला सांगितला. पडद्यावर वेणूचा हात, हातात भाकर, आणि बुध्या. बघत होता. विजेसारखं नाही, टक लावून.

"सुंदर," सर म्हणाले. "शहरातल्या मुलांमध्येही इतक्या लवकर येत नाही हे. नेत्रा, अभिनंदन."

बुध्याच्या गळ्याची हाडं तिला जरा वर आलेली दिसली. सदरा ढगळ आहे, तिने स्वतःला सांगितलं. तिने घरी फोन केला. विठ्ठलशेठनी दुसऱ्या दिवशी दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकांना तरी ऐकवलं, "डोंगरातला पोरगा, मान वर करत नव्हता. आमच्या नेत्राने बघायला लावला!"

फेब्रुवारीत वर्षाताईंचा फोन आला. आवाज दबलेला.

"मॅडम, वेणूबाय बुध्याला अंगणवाडीत पाठवत नाही. मी एकदा त्याच्या हातात भाकर तशीच दिली, तर अंगावर आली. म्हणते, माझं पथ्य मोडलंस. तेव्हापासून पोर दिसलंच नाही. आज घरी जाऊन दंडाला पट्टी लावली."

"आणि?"

"लाल."

कुपोषण मोजायची ती पट्टी. हिरवी, पिवळी, लाल. लालच्या पुढे रंग नाही.

नेत्रा निघाली ती थेट सूर्यमाळला पोचली. अंगणात वेणू बसलेली. हिला बघून तिचा चेहरा उजळला. "या, मॅडमबाय! बगा तुमचा बुध्या!" आणि तिने लगेच टोपलीतली भाकर मोडून तुकडा डोळ्यांजवळ धरला. सांगाड्यासारखा पोरगा भिंतीपासून सुटून आला, समोर उभा राहिला आणि वेणूच्या डोळ्यांत बघत राहिला.

"शाब्बास, घे!" त्याने घेतला. खाल्ला. पुन्हा बघितलं. "शाब्बास, घे!" चार घासांनंतर तो दमला, मान खाली गेली. वेणूने उरलेली भाकर परत टोपलीत ठेवली.

"ठेवली का? द्या ना त्याला!"

"बघला कुठं?" वेणू म्हणाली. "आता तं गुनाचा झालाय. आदी लय अडला. दुपारचा अडला तं दुपार गेली, सांजचा अडला तं सांज गेली. रडला, लोळला. पन मी नाय हरली. तुमीच बोल्लाव, हरायचा नाय."

"अहो, तो उपाशी राहायचा?"

"मीबी राह्यली ना! त्याच्या आदी घास नाय घेतला. पथ्य येकट्याचा नसतो." वेणूने कपाळावरचे केस मागे सारायला हात वर केला आणि तिच्या बांगड्या घरंगळत कोपराशी गेल्या.

"मी... मी खाऊचं सांगितलं होतं, वेणूबाई. मधल्या वेळेच्या. जेवण नाही अडवायचं. जेवण तर... जेवण द्यायचंच असतं."

वेणू तिच्याकडे बघत राहिली. "खाऊ कुटला? भाकरच हाय. मधली वेळ कंची?"

नेत्राला आठवलं. आईची मूठ आठवली, आणि त्या मुठीमागे स्वयंपाकघरात झाकून ठेवलेली कढी, भात, तूप आठवलं. हर्षल हरला असता तरी जेवलाच असता. हे सांगायला हवं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. खाऊ वेगळा आणि जेवण वेगळं, हे काय सांगायचं असतं?

"माजा काय चुकला का?" वेणूने विचारलं.

नेत्राने नाही म्हणून मान हलवली.

जव्हारला दवाखान्यात अशक्त मुलांसाठी खोली आहे, तिथे बुध्याला ठेवला. वेणू खाटेच्या पायथ्याशी बसून. नेत्राची आई रोज नागलीच्या भाकरी थापून द्यायची. दूध तो पीत नव्हता, नळी घातली की उपसून काढायचा. आणि भाकर ताटात ठेवली तर तिला हात लावत नव्हता. भूक लागलेली दिसायची, ओठ हलायचे, पण ताट समोर आणि पोर बसून.

"खा रे बाळा," नेत्रा म्हणायची. "नको बघू. नुसतं खा." ती ताट त्याच्यापाशी सरकवून पाठ फिरवायची. मग मागून पावलं वाजायची. ज्याला माणसाचं तोंड कधीच नको होतं तो पोरगा भाकर हातात घेऊन खाटेला वळसा घालायचा, तिच्यासमोर यायचा आणि तिचे डोळे शोधायचा.

ती हरायची. "शाब्बास, घे." तेव्हा तो खायचा.

गुरुवारी तिने सरांना सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"वाईट झालं. पण शिकण्याच्या दृष्टीने ही मोलाची केस आहे. नीट लिहून काढा."

"सर, लिहिते. पण आता हे काढायचं कसं? शिकवलेलं परत कसं काढायचं, ते आपण कुठे शिकलोच नाही."

"हळूहळू कमी करायचं. शब्द हळू, मग नुसती मान, मग तेही नाही. एखादं वर्ष धरा. सलग एकच माणूस हवं मात्र."

"ते शिमग्याला येतील आणि परत भट्टीवर जातील, सर. पावसापर्यंत."

"हं," सर म्हणाले. मग, "नजर मात्र टिकली आहे ना?"

त्या दिवशी ती घरी आली तर पानं मांडलेली होती. आईने हर्षलला वाढलं आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेली. आमटीवरची वाफ विरली. हर्षल भरल्या ताटासमोर, हात मांडीवर ठेवून, दाराकडे बघत बसला होता. आई परतली. तो म्हणाला, "दे." आई सवयीने म्हणाली, "घे रे राजा," आणि तो जेवायला लागला.

"आई, तू 'घे' म्हणाली नाहीस तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू नसलीस तर?"

आईने हातातला डाव तसाच धरला. "असं काय बोलतेस गं भरल्या ताटावर," ती म्हणाली. वीस वर्षांत त्या घरात हा प्रश्न कुणी काढला नव्हता.

शिमग्याच्या तोंडावर लाडकी आली. एसटी स्टँडवरून थेट दवाखान्यात, डोक्यावर गाठोडं, केसांत विटांची लाल धूळ. मागे पांड्या. बुध्या आता पिवळ्या पट्टीवर आला होता, म्हणजे बघवण्याजोगा होता. तरी लाडकी दारातच थबकली. खाली बसून तिने गाठोडं सोडलं. भट्टीवर भाजून फडक्यात बांधून आणलेली नागलीची भाकर काढली आणि कडेचा तुकडा मोडून पुढे केला.

बुध्याने मान वर केली. आईच्या डोळ्यांत बघितलं.

"अगं बाय!" लाडकीचा हात तिच्याच तोंडावर गेला. "बघला! वेणू, बघला माज्याकडं! अवो, बगा ना, बघतो तुमचा पोरगा!"

"वळखला गं वळखला," पांड्या हसला. "थोबाड तं तुजंच हाय त्याला."

लाडकी हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. बुध्या बघतच होता. पापणी हलत नव्हती.

"घे ना रं माज्या राजा. खा." त्याने घेतला नाही. तिने तुकडा त्याच्या हातात कोंबला, ओठांना लावला. ओठ मिटलेले. नजर तशीच तिच्या डोळ्यांत. "काय झाला? कवाच्यान नाय खात? वेणू?"

वेणूने तोंड भिंतीकडे केलं.

नेत्रा दाराशी उभी होती. पोराच्या गळ्याशी आवंढा हलताना तिला दिसला. "शाब्बास, घे," ती म्हणाली.

बुध्याने तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. आणि पुढच्या तुकड्यासाठी मान वळवली ती आईकडे नाही, नेत्राकडे.

लाडकीने पोराकडे पाहिलं, मग मॅडमकडे. हसू अजून तोंडावर होतं, विझायचं राहिलं होतं. "म्हंजे... मला नाय बघला तो?"

नेत्राला पुष्कळ शब्द येत होते. त्यातला एकही तिने काढला नाही. "नाही," ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं, भाकरीचं, मुठीचं, आपल्याकडून काय सांगायचं राहिलं त्याचं. वेणूचा दोष नाही, हे सांगितलं. पांड्या उठून बाहेर गेला. लाडकी शिवी देईल, अंगावर येईल म्हणून नेत्रा वाट बघत होती. तिला ते हवंही होतं.

लाडकीने उरलेली भाकर मांडीवर ठेवली. "मला शिकवा तो शब्द," ती म्हणाली. "शिमगा झाला का नेनार याला. उपाशी मराया नको."

मग पीएचडीच्या पुढचं शिकलेल्या नेत्राने, जे काढून टाकायचं होतं तेच, त्या आईला शिकवलं. लाडकीच्या तोंडी 'शाब्बास' सहज बसेना. बुध्या ऐकायचा आणि थांबून राहायचा. वेणूने न वळता सांगितलं, "वरडून बोल. मी वरडायची." लाडकी ओरडली. तेव्हा पोराने खाल्लं.

"येक इचारू?" लाडकी म्हणाली. "मी मेली तं हे कोन बोलंल?"

बाहेर बाजारपेठेत रंगाच्या गाड्या लागल्या होत्या. पिपाण्या वाजत होत्या.

शिमग्यानंतर टेम्पो आला तेव्हा नेत्रा सूर्यमाळला गेली होती. दोरी खुंटीवरून उतरलेली होती. एक टोक बुध्याच्या कमरेला, दुसरं लाडकीच्या मनगटाला. वेणू दारातून पुढे आली नाही. गाडी सुरू झाली, पाठीमागचा फळका खडखडायला लागला. लाडकीने फडक्यातून भाकरीचा तुकडा काढून डोळ्यांजवळ धरला आणि काहीतरी म्हणाली. इंजिनाच्या आवाजात ते कुणापर्यंतच पोचलं नाही. बुध्या तिच्या डोळ्यांत बघत होता, तोंड मिटून. ती पुन्हा म्हणाली. वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिचं तोंड उघडत-मिटत होतं आणि तुकडा अजून तिच्या हातातच होता.